केसभर फट

सात नंबरनं जोडलेली मशीनगन दोन्ही हातांनी उचलून कितीही हलवा, आतून हूं की चूं येत नसे. खुळखुळ्यानं जोडलेली नुसती या टेबलावरून त्या टेबलावर ठेवली तरी तिच्या पोटात काहीतरी वाजायचं. म्हणून तर त्याला खुळखुळा म्हणत. जोडणी विभागात कुणाच्या घरी पाळणा हलला की लोक त्याला म्हणायचे, "एक बंदूक पाठव रे यांच्याकडे, पोर रडायचं थांबेल." खुळखुळा सगळ्यांबरोबर हसायचा. त्याला राग म्हणून यायचा नाही, आणि सात नंबरला नेमका त्याचाच राग यायचा.

सात हा सात नंबरच्या शिक्क्याचा आकडा. जो फिटर बंदूक जोडेल त्यानं आपला आकडा तिच्या झाकणाखाली ठोकायचा, अशी पद्धत होती. तीस वर्षं तो आकडा ठोकून ठोकून माणसाचं मूळ नाव फक्त फाटकावरच्या वहीत उरलं होतं. तो विभागाचा मुख्य फिटर होता. लोक त्याला वचकून असत, कारण दुसऱ्याच्या कामात खोट काढताना तो नाकानं कांदे सोलायचा आणि दुर्दैवानं नेहमी बरोबर असायचा.

आता या बंदुकीतली मेख सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिच्या आत एक पोलादी ठोकळा असतो. दोन रुळांमधून तो प्रत्येक गोळीसरशी मागे जातो, पुढे येतो, मिनिटाला काही शे वेळा. ठोकळा आणि रूळ यांच्यात फट किती ठेवायची, सगळी कारागिरी त्यात. ती मोजायला पोलादाची दोन पानं असत. पातळ पान फटीत शिरलं पाहिजे, जाड पान शिरता कामा नये; शिरलं की बंदूक बाद. सात नंबरच्या बंदुकीत पातळ पान जेमतेम शिरायचं, तेही तेल लावून आर्जवं केल्यावर. खुळखुळ्याच्या बंदुकीत जाड पान कसंबसं बाहेर राहायचं. नियमात दोघेही बसत. पण सात नंबरच्या लेखी नियमात बसणं म्हणजे काठावर पास होणं, आणि काठावर पास होणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे.

या हिशेबानं त्याचा जावईही माणसांत नव्हता. जावई नळजोडणीची कामं करायचा. मनानं सोन्यासारखा, हातानं धसमुसळा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात नळ बसवून दिला होता, आणि तो नळ त्या दिवसापासून ठिबकत होता. सात नंबरला तो पाच मिनिटांत दुरुस्त करता आला असता. त्यानं मुद्दाम केला नाही. मुलीनं नवऱ्याचं कौतुक सुरू केलं की तो नुसता नळाकडे बघायचा.

मग युद्ध सुरू झालं, जावई आघाडीवर गेला आणि कारखान्याला कुलूप लागलं. बाहेरून नव्हे, आतून. बाहेर राहणाऱ्या कामगारांनाही भिंतीच्या आतल्या खोल्यांमध्ये आणून ठेवलं; सात नंबरचं घर आधीपासून तिथेच होतं. परवान्याशिवाय फाटक ओलांडायचं नाही. खिडक्यांना काळा कागद डकवलेला, त्यामुळे भर दुपारीही दिव्याखाली काम. पत्रं फोडून वाचली जात. बंदुकांबद्दल कामाशिवाय एक शब्द बोलणं हा गुन्हा, तशी पाटी भिंतीभिंतीवर लावलेली. मुलगी वडिलांच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि गोळ्यांचे पट्टे भरायच्या विभागात कामाला लागली. बाप-लेक सकाळी भोंग्याला निघत, संध्याकाळी भोंग्याला परतत, आणि मधे नळ ठिबकत राही.

जावयाच्या तुकडीला मशीनगन मिळणार हे कळलं तेव्हा सात नंबरनं आयुष्यातली सर्वांत सुंदर बंदूक जोडली. जावयाला तोंडावर कधी दोन गोड शब्द बोलला नव्हता, ते सगळे त्यानं त्या ठोकळ्यात घातले. चार दिवस घासून, पुसून, निळ्या शाईनं उंचवटे शोधून त्यानं असा ठोकळा बसवला की पातळ पानाला घाम फुटला. झाकणाखाली साताच्या शेजारी त्यानं एक बारीक ठिपका ठोकला आणि माल पाठवणाऱ्याला गळ घालून ती बंदूक त्याच तुकडीला पाठवली.

महिनाभरानं जावयाचं पत्र आलं. मुलीनं मोठ्यानं वाचलं. "बाबांना सांग, त्यांनी पाठवलेली वस्तू मिळाली. फार सुंदर आहे. इतकी सुंदर आहे की..." आणि पुढच्या तीन ओळींवर काळी शाई फासलेली.

"बघा, किती कौतुक केलंय!" मुलगी म्हणाली. "ते कौतुकही पुसलं मेल्यांनी."

सात नंबर त्या दिवशी पहिल्यांदा नळाकडे बघायचं विसरला.

त्यानंतर आघाडीवरून तक्रार आली. मशीनगन चिखलात अडकतात, वीस गोळ्यांत मुक्या होतात. तपासणी विभागाच्या साहेबांनी सात नंबरला आपल्या खोलीत बोलावलं. साहेब तसे भले, पण झोप नसल्यानं डोळे तांबारलेले आणि वरून येणाऱ्या प्रत्येक फोनला उभे राहून बोलायची सवय जडलेली. टेबलावर खुळखुळ्यानं जोडलेली एक बंदूक होती. साहेबांनी ती हलवली. ती वाजली.

"तुम्ही सांगा, सात. चिखल कशानं शिरतो?"

"फट असली की शिरतो, साहेब."

"म्हणजे ढिलाई."

"दुसरं काय?"

हे त्यानं कुणाचा काटा काढायला म्हटलं नव्हतं. त्याचा तसा विश्वासच होता. तीस वर्षं घट्ट काम करणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही. साहेबांनी कागद पुढे केला. क्रमांक एकवीस, म्हणजे खुळखुळा; जोडणीत ढिलाई, मुख्य फिटरचा दुजोरा. सात नंबरनं सही केली, तीही कागदाच्या रेघेला समांतर.

त्याच दुपारी दोन पहारेकरी खुळखुळ्याला त्याच्या टेबलावरून घेऊन गेले. अजून त्याला वाटत होतं की थट्टा चालली आहे. "अहो, हात तरी पुसू द्या," तो म्हणाला. विभागात एकही कानस थांबली नाही. सगळे खाली मान घालून घासत राहिले.

दोन दिवसांनी आघाडीवरून परत आलेल्या बंदुका दुरुस्तीच्या शेडमध्ये उतरवल्या. एकूण बारा. अकरांना चिठ्ठी बांधलेली, "अडकली". बारावीची चिठ्ठी फाटून चिखलात चिकटली होती, ती सात नंबरनं शेवटाला ठेवली. खुळखुळ्याची करणी आता उघडकीला येईल म्हणून तो बाह्या सरसावूनच बसला.

पहिली बंदूक उघडण्याआधी त्याला तिचा दांडा दिसला. ठोकळा मागे ओढायचा दांडा. त्याच्यावर खिळ्यांचे ठसे होते. बुटाच्या टाचेचे खिळे. कुणीतरी हातानं दांडा हलेना म्हणून लाथांवर लाथा घातल्या होत्या. दुसरीवर तसेच ठसे. तिसरीवरही. त्यानं पहिलीचं झाकण काढलं, चिखल खरवडला, आणि खाली आकडा आला: सात.

दुसरीत सात. तिसरीत बारा, हा बाराही हाताचा घट्ट, सात नंबरचाच चेला. चौथीत सात. अकरांपैकी नऊ बंदुकांत सात निघाला. एकवीस एकातही नव्हता.

सवयीनं तो हातानंच विचार करू लागला. सुकलेला चिखल त्यानं एका डब्यात कालवला आणि नुकत्याच जोडलेल्या आपल्या एका कोऱ्या बंदुकीत वरून चमचाभर घातला. दांडा ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग इकडे तिकडे बघून त्यानं बंदूक जमिनीवर ठेवली आणि टाचेनं लाथ मारली. पाय झिणझिणला, ठोकळा जागचा हलला नाही. शेडच्या कपाटातून खुळखुळ्याची जप्त केलेली बंदूक काढून तिच्यात त्यानं चमच्याऐवजी मूठभर चिखल कोंबला. दांडा ओढला. आत कचकच झाली, ठोकळा मागे गेला, पुढे आला, आणि दोन्ही बाजूंनी चिखल फटीतून बाहेर गळाला.

इतकं सोपं होतं. चिखल आत येतोच. गोळी आत घ्यायला आणि रिकामी पुंगळी बाहेर टाकायला बंदुकीला तोंडं असतातच. आत आलेल्या चिखलाला बाहेर पडायला जागा हवी. ती केसभर जागा खुळखुळा ठेवत होता आणि सात नंबर तीस वर्षं हट्टानं बंद करत होता.

आणि जावयाकडे त्याची सर्वांत सुंदर बंदूक होती.

तो तसाच चिखलाच्या हातांनी साहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मधेच उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"एकवीसची एकही बंदूक परत आली नाही, सात. म्हणजे त्या माणसांसकट गेल्या असतील."

"नाही साहेब. त्या चालताहेत म्हणून परत आल्या नाहीत."

"हे कशावरून?"

"चिखल घालून बघा तुम्ही. आत्ता, माझ्यासमोर."

साहेबांनी टेबलावरचं बंदुकीचं ड्रॉइंग पुढे ओढलं. त्याच्या कोपऱ्यात पाच सह्या होत्या, पाचवी त्यांची. "समजा, तुमचं खरं आहे. मग आघाडीवरच्या तीन हजार बंदुका चुकीच्या. ड्रॉइंग चुकीचं, मोजणीची पानं चुकीची, तुमची परवाची सही चुकीची. हे मी कुणाला फोन करून सांगू? पहिली गोष्ट ते मला घरी पाठवतील, घरी पाठवलं तर नशीब. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी येणारा माणूस तुम्हाला उचलेल. आणि ड्रॉइंग तेच राहील."

"माझा जावई आहे साहेब तिथे."

"माझे दोन भाऊ आहेत." साहेबांनी दार उघडलं. "हे तुम्ही या खोलीत बोललात. बाहेर नाही."

बाहेर तरी कुठे बोलणार होता? पत्रात लिहावं तर काळी शाई. मुलीला सांगावं तर तिचं तोंड आवरणार नाही आणि तीही गजाआड जाईल. फाटकावरून परवान्याशिवाय पायरीही ओलांडता येत नव्हती. सात नंबर दुरुस्तीच्या शेडमध्ये परत आला, स्टुलावर बसला आणि आपलेच हात बघत राहिला. या हातांचा त्याला आयुष्यभर गर्व होता. आता त्यांची भीती वाटत होती.

बारावी बंदूक राहिली होती. हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं ती ओढली. दांड्यावर टाचेचा एकही ठसा नव्हता. चिठ्ठीवरचा चिखल पुसला तर लिहिलेलं होतं, "नळी झिजली, बदलावी". त्यानं नळीतून दिव्याकडे बघितलं. आतले आटे पार गुळगुळीत झालेले. हजारो गोळ्या गेल्याशिवाय असं होत नाही. त्यानं बंदूक उचलली आणि तिच्या पोटात काहीतरी वाजलं.

एकवीस असणार, म्हणून त्यानं झाकण काढलं. सात होता. साताशेजारी ठिपका होता.

ठोकळा त्यानं बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला. चार दिवस आरशासारखा केलेला तो ठोकळा कुणीतरी दोन्ही बाजूंनी कानशीनं ओरबाडला होता. जाडी कानस, नळाची टोकं घासायची. रेघा वाकड्या, एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ, शेवटाला हात निसटून गेलेला ओरखडा. तो ओरखडा सात नंबर रोज सकाळी तोंड धुताना बघायचा. स्वयंपाकघरातल्या नळाच्या मुळाशी तो तसाच होता.

त्या धसमुसळ्या पोरानं सासऱ्याची सर्वांत सुंदर वस्तू नासवली होती. म्हणून ती हजारो गोळ्या चालली होती, आणि म्हणून तो पोरगा जिवंत होता. सात नंबरनं ठोकळा छातीशी धरला आणि शेडमध्ये कुणी नाही हे बघून तो रडला.

रडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कोंडी संपलेली नाही, आवळलीच आहे. सरकारी हत्याराला कानस लावली हे वहीत गेलं की क्रमांकावरून तुकडी सापडेल, तुकडीवरून नळजोडणीवाला. आणि वहीत नाही गेलं तरी नियम असा की परत आलेली बंदूक पानांनी मोजून, नवा ठोकळा बसवून, होती तशी करूनच पाठवायची. पुन्हा घट्ट करून. त्याच तुकडीला.

शनिवारी खुळखुळ्याला ट्रकमध्ये बसवलं. शिक्षा म्हणून आघाडीवर खंदक खणायला. सात नंबर फाटकाच्या आतल्या पिवळ्या रेघेपर्यंत गेला; त्यापुढे जायची मुभा नव्हती.

"माझ्या कानशी गंजू देऊ नका, दादा," खुळखुळा वरून म्हणाला. त्याला सहीची गोष्ट माहीत होती की नव्हती, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

"मी चुकलो रे," सात नंबर म्हणाला, पण तोवर ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. खुळखुळ्यानं कानामागे हात धरला, ऐकू आलं नाही असं हातानं सांगितलं, आणि हसला. सात नंबरला त्याच्या हसण्याचा आता राग येईना, हीच मोठी शिक्षा झाली.

रविवारी अर्धा दिवस काम. दुपारी विभाग रिकामा झाल्यावर सात नंबर मोजमापाच्या खोलीत गेला. पानं बनवायची, झिजली की बदलायची, दर सोमवारी साहेबांच्या कपाटातल्या मूळ पानांशी ताडून बघायची, हे सगळं काम, त्या कपाटाच्या किल्लीसकट, त्याच्याकडेच होतं. दुसऱ्या कुणावर भरवसाच नव्हता. त्या खोलीला खिडकी नव्हती, एकच लोखंडी दार, तेही त्यानं आतून लावलं. जावयानं ओरबाडलेला ठोकळा त्याच्या रुळांत बसवून त्यानं फट मोजली. चार ठिकाणी चार मापं निघाली, जावईच तो. चारही मापांचा मध्य काढून त्यानं दोन नवी पानं घासायला घेतली. पातळ पान पूर्वीच्या जाडाहूनही जाड, आणि जाड पान त्याहून थोडं जास्त. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत काटेकोर काम ते. कपाटातल्या मूळ पानांची जोडीही त्यानं तशीच केली, जुने क्रमांक जसेच्या तसे कोरले, आणि जुनी पानं व तो ओरबाडलेला ठोकळा वितळवायच्या भट्टीच्या भंगारात टाकला. ठोकळा टाकताना मात्र त्याचा हात जरा रेंगाळला.

सोमवारी पानं ताडून झाली. मूळ जोडी, कामाची जोडी, तंतोतंत. साहेबांनी वहीत सही केली. सही करताना त्यांचं पेन मधेच का थांबलं, शाई अडकली की आणखी काही, हे सात नंबरला कधीच कळलं नाही. पुढच्या प्रत्येक सोमवारी त्याचा जीव तेवढ्या वेळापुरता टांगणीला लागत राहिला.

विभागात बोंब उठली. "पातळ पान शिरतच नाही हो! कालपर्यंत शिरत होतं."

"हात जड झालेत तुमचे," सात नंबर म्हणाला. "घासा अजून."

सगळे घासू लागले. ठिपक्याच्या बंदुकीला त्यानं नवी नळी घातली, नवा ठोकळा घातला, आणि तो खुळखुळ्याच्या जाड्या कानशीनं घासला. पानं नियमाप्रमाणे लावली, झाकणाखालचा आपला सात पुन्हा ठोकला. मग बंदूक उचलून कानाजवळ हलवली. वाजली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातची बंदूक वाजत होती, आणि शेजारच्या टेबलांवरून चार माना वर झाल्या. महिनाभरात जोडणी विभागात त्याचं नवं नाव पडलं, आणि ते त्याच्या माघारी घेतलं जाऊ लागलं: मोठा खुळखुळा.

मुलीच्या कानावर ते आलंच. जावयाचं पुढचं पत्र आलं तेव्हा तिनं ते आधी मनात वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"काय झालं?" सात नंबरनं विचारलं. भांडं त्याच्या हातातच राहिलं. "बरा आहे ना तो?"

"बरे आहेत. सगळं बरं आहे." तिनं पत्र घडी करायला घेतलं. "बाबा, तुम्हाला दिसत नाही का आता नीट? डॉक्टरला दाखवा एकदा. सगळे बोलतात. आता तर तिकडूनही लिहून यायला लागलं."

"काय लिहिलंय? वाच."

"जाऊ द्या ना."

"वाच म्हणतो ना."

तिनं अनिच्छेनं वाचलं. त्या ओळीवर शाईचा टिपूसही नव्हता; वाचणाऱ्यानं त्यात दडवण्यासारखं काही नाही असंच ठरवलं असावं. "बाबांना सांग, वस्तू परत मिळाली. आता आपल्या घरच्या नळासारखी झालीय. पावसात, चिखलात, दिवसरात्र चालू असते. थांबतच नाही."

वाचता वाचता तिचा आवाज शरमेनं बारीक झाला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. सात नंबरनं भांडं खाली ठेवलं आणि तो तिच्यासमोर बसला. मुलीला काय सांगणार? काहीच सांगता येत नव्हतं, आणि कधी सांगता येणारही नव्हतं.

"परत वाच," तो म्हणाला.